सातारा ते सांगली, प्रकाशाच्या आधी निरोप? क्वांटम एन्टँगलमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान दिनाच्या आसपास व्याख्यानांसाठी माझ्या सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा अशा फेऱ्या होतात. विषय कृष्णविवरांचा असो की सौरऊर्जेचा, शेवटची पंधरा मिनिटं कुणीतरी एन्टँगलमेंटवर, म्हणजे दूर असलेल्या दोन कणांच्या गुंतलेपणावर, नेतोच. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत. सोयीसाठी सगळ्या उदाहरणांत एक माणूस साताऱ्यात पोवई नाक्यावर आणि दुसरा सांगलीत विश्रामबागला बसला आहे असं धरू. सरळ रेषेत अंतर साधारण ११० किलोमीटर. प्रकाशाला तेवढं जायला ०.३७ मिलिसेकंद लागतात.

सर, आधी एका शब्दात सांगा. एन्टँगलमेंट वापरून प्रकाशापेक्षा जोरात मेसेज जातो का?

नाही.

पण इकडच्या कणाला हात लावला की तिकडचा लगेच बदलतो, असं सगळ्याच व्हिडिओत सांगतात की?

व्हिडिओवाल्यांना तीन मिनिटांत आटपायचं असतं. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत काय दिसतं ते बघू.

जांभळा लेझर एका खास स्फटिकावर मारतात. कोट्यवधी फोटॉनांपैकी, म्हणजे प्रकाशाच्या कणांपैकी, एखाददुसराच तुटून त्याचे कमी ऊर्जेचे दोन फोटॉन होतात. मांडणी नीट जमवली तर या दोघांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, एकमेकांत गुंतलेलं असतं. एक फोटॉन साताऱ्याला पाठवला, एक सांगलीला. दोघांकडे एकेक पोलरायझर, म्हणजे कंपनाची दिशा बघून फोटॉन सोडणारी किंवा अडवणारी गाळणी, आहे आणि तो हव्या त्या कोनात फिरवता येतो. फोटॉन आरपार गेला तर वहीत ‘हो’ लिहायचं, अडला तर ‘नाही’.

साताऱ्याच्या वहीत काय येतं? हो, नाही, नाही, हो, नाही, हो, हो, नाही… नाणं उडवल्यासारखं, निम्मं-निम्मं. सांगलीच्या वहीतही तसंच. कोन बदला, पुन्हा निम्मं-निम्मं. एकेकटी वही कितीही वेळ बघत बसलात तरी तिच्यात काहीही विशेष दिसत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर मात्र कळतं की दोघांचे पोलरायझर एकाच कोनात होते तेव्हा ओळ न् ओळ जुळते. तिकडे हो तर इकडेही हो.

जे काही नवल आहे ते या जुळण्यात आहे. आणि जुळणी बघायची तर एक वही एसटीने, फोनने किंवा ईमेलने दुसरीकडे न्यावीच लागते.

मग त्यात नवल काय? दोन डब्यांसारखंच झालं की.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी पुढच्या रांगेत बसवतो, कारण त्याचा मुद्दा बिनतोड वाटतो. एका डब्यात कंदी पेढे, दुसऱ्यात भडंग. डबे बंद करून, अदलाबदल करून एक साताऱ्याला आणि एक सांगलीला पाठवला. साताऱ्यातल्याने झाकण उघडलं, पेढे निघाले, तर सांगलीत भडंग आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं. कुठला निरोप गेला नाही, कुठली जादू नाही. डब्यात काय आहे ते निघतानाच ठरलेलं होतं.

कणांचंही असंच असणार, ते निघतानाच उत्तरं ठरवून निघत असणार, हे म्हणणं साधारण आइनस्टाइनच्या बाजूचं. १९३५ साली त्यांनी पोडोल्स्की आणि रोझेन यांच्यासोबत जो निबंध लिहिला त्याचा रोख असा होता की क्वांटम सिद्धांत अपुरा आहे, आत काहीतरी ठरलेलं असतं आणि सिद्धांत ते सांगत नाही. १९४७ मध्ये मॅक्स बॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी दुरून होणाऱ्या या परिणामाला भुताटकीच म्हटलं.

वाद तीस वर्षं तसाच लोंबकळत राहिला. डबा उघडण्याआधी आत काय होतं हे तपासायचं तरी कसं, असं सगळ्यांना वाटायचं.

तपासलं कसं मग?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. थोडं डोकं लावावं लागेल, पण गणित आठवीचंच आहे.

१९६४ साली जॉन बेल या बेलफास्टच्या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की डबेवाली कल्पना खरी असेल तर जुळण्याला एक वरची मर्यादा पडते. ती एका खेळातून सांगतो. साताऱ्यातल्याला आणि सांगलीतल्याला प्रत्येकी एक चिठ्ठी मिळते, पिवळी किंवा लाल. दोघांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. नियम असा: दोघांनाही लाल आली तर उत्तरं वेगळी हवीत, बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. आधी काय वाटेल ते ठरवा, पण चिठ्ठ्या मिळाल्यावर बोलायचं नाही.

उत्तरं आधीच ठरलेली असतील तर जास्तीत जास्त किती वेळा जिंकता येईल? समजा पिवळी-पिवळी, पिवळी-लाल आणि लाल-पिवळी या तिन्ही जोड्या सांभाळल्या. म्हणजे साताऱ्याचं पिवळं उत्तर सांगलीच्या दोन्ही उत्तरांसारखं, आणि साताऱ्याचं लाल उत्तर सांगलीच्या पिवळ्यासारखं. मग चारही उत्तरं आपोआप एकच झाली, आणि लाल-लालला ती वेगळी कुठून आणणार? चारातली एक जोडी हुकणारच. कितीही हुशारी केली तरी ७५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही.

आता दोघांना गुंतलेले फोटॉन द्या. साताऱ्यातल्याने पिवळीला पोलरायझर ० अंशावर ठेवायचा, लालला ४५ वर. सांगलीतल्याने पिवळीला २२.५ वर आणि लालला उणे २२.५ वर. फोटॉन गेला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. दोन कोनांमधल्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग ही उत्तरं सारखी येण्याची शक्यता. पहिल्या तीन जोड्यांत फरक २२.५ अंशांचा, म्हणून उत्तरं ८५ टक्के वेळा सारखी. लाल-लालला फरक ६७.५ अंशांचा, म्हणून ८५ टक्के वेळा वेगळी. एकूण जिंकणं सुमारे ८५ टक्के.

७५ ची मर्यादा ओलांडली गेली. पेढे-भडंगाची गोष्ट इथे संपते.

हे कागदावर झालं. प्रयोग झालेत का?

भरपूर. १९७२ मध्ये बर्कलीला जॉन क्लॉझर आणि स्टुअर्ट फ्रीडमन यांनी पहिला केला. १९८२ मध्ये पॅरिसजवळ ओर्सेला आलँ आस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच मोजणीचे कोन बदलण्याची सोय केली, म्हणजे आधी ठरवून ठेवायला वावच नको. तरीही डबेवाली कल्पना वाचवायला प्रयोगात पळवाटा काढणारे काढत राहिले, आणि ते योग्यच होतं. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाने १.३ किलोमीटरवरच्या दोन प्रयोगशाळांमध्ये मुख्य पळवाटा एकाच वेळी बंद केल्या. व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डरनेही त्याच वर्षी. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आस्पे, क्लॉझर आणि अँटन झायलिंगर यांना मिळालं ते याच कामासाठी.

म्हणजे आइनस्टाइन हरला?

अर्धा. ‘आत सगळं ठरलेलं असतं आणि दुरून काही होत नाही’ ही त्यांची जोडगोळी टिकली नाही. पण प्रकाशाच्या वेगाची त्यांनी घातलेली सीमा या सगळ्या प्रयोगांत जशीच्या तशी उभी आहे. शिवाय नेमकं कुठे दुखतंय हे बोट ठेवून दाखवणारेही तेच. बेलचं काम यायच्या आधी, १९५५ ला ते गेले. ते असते तर काय म्हणाले असते यावर मिरजेत एकदा सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद झाला होता.

८५ टक्के वेळा जुळवता येतं, मग त्यातूनच निरोप का पाठवू नये? साताऱ्यातल्याने कोन बदलला की सांगलीला कळलंच पाहिजे.

करून बघू. सांगलीतला पोलरायझर २२.५ वर स्थिर आहे.

साताऱ्यातल्याने ० अंशावर मोजलं. निम्म्या वेळा त्याला ‘हो’ येतं. तेव्हा सांगलीत ‘हो’ येण्याची शक्यता ८५ टक्के. उरलेल्या निम्म्या वेळा त्याला ‘नाही’ येतं. तेव्हा सांगलीत ‘हो’ची शक्यता १५ टक्के. ८५ चे निम्मे अधिक १५ चे निम्मे, झाले ५०.

आता त्याने कोन ४५ केला. पुन्हा निम्म्या वेळा ८५ आणि निम्म्या वेळा १५. बेरीज ५०. मोजलंच नाही, फोटॉन खिशात घालून घरी गेला, तरी सांगलीत ५०.

ग्यानबाची मेख इथे आहे. कोन साताऱ्यातल्याच्या हातात आहे, पण ‘हो’ येणार की ‘नाही’ हे त्याच्या हातात नाही. निरोप पाठवायचा तर पाठवणाऱ्याला अक्षर निवडता यायला हवं. इथे अक्षर निसर्ग निवडतो, तेही यादृच्छिकपणे. हे फक्त फोटॉनांपुरतं किंवा या कोनांपुरतं नाही. कुठलीही गुंतलेली जोडी घ्या, एका टोकाला काहीही करा, दुसऱ्या टोकाची एकट्याची आकडेवारी हलत नाही, हे क्वांटम गणितातून सरळ सिद्ध होतं.

सांगलीतल्याने फोटॉनच्या हजार प्रती काढल्या तर? मग सरासरी काढून कळेल ना, तिकडे कुठला कोन होता ते.

शाब्बास! अगदी ही युक्ती १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या निक हर्बर्ट यांना सुचली होती, आणि मला हा किस्सा फार आवडतो. लेझरने एका फोटॉनच्या हव्या तेवढ्या हुबेहूब प्रती काढायच्या, त्या वेगवेगळ्या कोनांत मोजायच्या, आणि समोरच्याने काय केलं ते त्याच क्षणी ओळखायचं. प्रती निघाल्या तर युक्ती खरोखर चालते! मग प्रकाशाच्या आधी निरोप जातो आणि सापेक्षतावादाची वाट लागते.

निबंध छपाईआधी तपासायला गेला. एक परीक्षक होते आशर पेरेस. त्यांना कळलं की हे चूक असणार, पण चूक कुठे आहे ते शोधताना काहीतरी मोलाचं हाती लागेल म्हणून त्यांनी चक्क छापा अशी शिफारस केली. दुसरे परीक्षक जियानकार्लो गिरार्दी. त्यांनी नापास केलं आणि कारणही लिहून दिलं. निबंध १९८२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे नेदरलँड्समधल्या डीक्स यांनी दाखवून दिलं की अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब प्रत काढताच येत नाही. झेरॉक्स यंत्र कितीही भारी आणा. याला नो-क्लोनिंग प्रमेय म्हणतात आणि आजचं क्वांटम गुप्तलेखन त्याच्यावर उभं आहे. चुकीच्या निबंधातून इतकं निघालेलं फार कमी वेळा दिसतं.

क्वांटम टेलिपोर्टेशन तर झालंय म्हणे. ते कसं मग?

झालंय. १९९३ मध्ये सहा जणांनी कल्पना मांडली (त्यात वरचे पेरेस आणि वूटर्स दोघेही आहेत), १९९७ मध्ये झायलिंगर यांच्या गटाने करून दाखवली. त्यात वस्तू जात नाही, एका कणाची स्थिती दुसऱ्या कणावर उमटते आणि मूळची पुसली जाते. पण साताऱ्यातल्याने मोजणी करून आलेले दोन बिट सांगलीला साध्या मार्गाने, म्हणजे फोनने किंवा फायबरने, कळवावे लागतात. ते पोचेपर्यंत सांगलीतल्या कणाचा काही उपयोग नाही. आणि ते दोन बिट प्रकाशाच्या वेगानेच येणार, फायबरमधून तर त्याहून हळू.

पहिली मोजणी कुणी केली, साताऱ्याने की सांगलीने? कुणामुळे कुणाचं ठरलं?

दोन्ही मोजण्या ०.३७ मिलिसेकंदाच्या आत झाल्या असतील तर सापेक्षतावादानुसार या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जोरात जाणाऱ्या एका यानातून बघणाऱ्याला सातारा आधी दिसेल, उलट्या दिशेने जाणाऱ्याला सांगली आधी. दोघेही बरोबर. म्हणून ‘इकडून तिकडे परिणाम गेला’ ही भाषाच इथे डळमळीत होते.

याच कारणामुळे प्रकाशापेक्षा वेगवान निरोप शास्त्रज्ञांना इतका खुपतो. तो शक्य झाला तर कुणा ना कुणा निरीक्षकाच्या घड्याळात निरोप निघण्याआधीच पोचलेला असेल, आणि दोन असे निरोप जोडून तुम्ही स्वतःच्याच भूतकाळात उत्तर पाठवू शकाल. परीक्षेआधी पेपर.

जिनिव्हात २००८ मध्ये १८ किलोमीटरवरच्या दोन गावांत प्रयोग झाला. असा काही अदृश्य प्रभाव खरोखर धावत असेल, तर काही गृहीतकं धरून त्याचा वेग प्रकाशाच्या निदान दहा हजार पट हवा, असं त्यातून निघालं. बहुतेक शास्त्रज्ञ याचा अर्थ ‘असं काही धावतच नाही’ असा घेतात. मग नक्की काय होतं? यावर एकमत नाही. कुणी अनेक विश्वं मानतं, कुणी डेव्हिड बोम यांचा मार्ग धरतं (कणांच्या जागा ठरलेल्याच असतात, पण दुरून परिणाम होतो), कुणी म्हणतं आकडे बरोबर येतात ना, गप्प बसा. निरोप जात नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

प्रकाशापेक्षा वेगवान काहीच नाही का?

आहे की. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून ताकदवान लेझर चंद्रावर मारा आणि मनगट झटकन फिरवा. चंद्रावरचा ठिपका प्रकाशापेक्षा जोरात सरकेल. पण ठिपक्याच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर काहीच जात नाही, प्रत्येक फोटॉन तुमच्याकडूनच आलेला असतो. पाण्यात प्रकाश मंदावतो, तिथे इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकतात आणि अणुभट्टीतल्या पाण्यात निळसर उजेड दिसतो. निर्वात पोकळीतली २,९९,७९२ किलोमीटर प्रतिसेकंदाची सीमा याने मोडत नाही.

२०११ ला न्यूट्रिनोने प्रकाशाला हरवलं ही बातमी वाचलेली आठवते.

जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत ७३० किलोमीटर येताना न्यूट्रिनो, म्हणजे जमिनीतूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले होते. २०१२ मध्ये कारण सापडलं: मुख्यतः एक नीट न बसलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी.

बीजीएमआय खेळताना पिंग झिरो होईल का कधी?

हा प्रश्न विचारला की अख्खा वर्ग हसतो, पण प्रश्न चांगला आहे. पिंग म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारी मिलिसेकंदं. एन्टँगलमेंटने तो झिरो नाही होणार. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर धरलं तर जाऊन यायला चार मिलिसेकंदही लागत नाहीत. तुम्हाला पिंग ५० दिसतो तो मोबाईल टॉवर, वाटेतली यंत्रं, लांबचा सर्व्हर आणि वळसे यांच्यामुळे. भौतिकशास्त्राला शिव्या देऊ नका.

मंगळावर खेळायचं असेल तर मात्र इलाज नाही. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा त्याचा संदेश इकडे यायला बारा मिनिटांहून जास्त लागत होती. अंतरानुसार ही वेळ तीन ते बावीस मिनिटं असते.

निरोप जात नाही तर एवढा पैसा कशाला घालतात यात?

गुप्त किल्लीसाठी. दोघांच्या वह्यांत आलेली यादृच्छिक पण जुळणारी यादी हीच कुलपाची किल्ली होते. मधे कुणी फोटॉन पकडून बघितला तर जुळणी बिघडते आणि चोरी उघडी पडते. १९९१ मध्ये आर्टुर एकर्ट यांनी बेलची कसोटी यासाठी वापरायची कल्पना मांडली. चीनने २०१६ मध्ये सोडलेल्या मिशिअस उपग्रहाने पुढच्याच वर्षी १,२०० किलोमीटरवरच्या दोन केंद्रांना गुंतलेले फोटॉन पोचवून दाखवले. या किल्लीसाठीही दोघांना कोणते कोन वापरले ते उघडपणे एकमेकांना सांगावं लागतं, म्हणजे पुन्हा साधा फोन आलाच.

आपल्याकडे काय चाललंय? एमपीएससीला येऊ शकतं.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलं. रक्कम ६,००३.६५ कोटी, मुदत २०३०-३१ पर्यंत. अहमदाबादला इस्रोचं अंतराळ उपयोग केंद्र आणि भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांनी ३०० मीटरवर हवेतून क्वांटम किल्ली पाठवून दाखवली. दिल्लीच्या आयआयटीने डीआरडीओसोबत २०२५ मध्ये गुंतलेले फोटॉन वापरून एक किलोमीटर गाठलं. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे पुण्याचं आयसर, भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था.

एक जुनी गोष्टही लिहून ठेवा, परीक्षेत आली नाही तरी. प्रकाशापेक्षा वेगवान कणांचा गंभीर विचार १९६२ मध्ये ई. सी. जी. सुदर्शन यांनी ओ. एम. पी. बिलानियुक आणि व्ही. के. देशपांडे यांच्यासोबत मांडला. टॅकिऑन हे नाव नंतर, १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिलं. असे कण आजवर सापडलेले नाहीत.

आमच्या इथे एक जण ‘क्वांटम ऊर्जेने’ फोटोवरून उपचार करतो. एन्टँगलमेंटमुळे होतं म्हणतो.

पैसे देऊ नका. फोटो आणि माणूस गुंतलेले नसतात. प्रयोगशाळेतला एक अणू गुंतलेला ठेवायला लोकांचा जीव मेटाकुटीला येतो. हवेच्या रेणूंचा, उष्णतेचा जरा धक्का लागला की ते नातं आजूबाजूच्या पसाऱ्यात विरून जातं. ३७ अंशांच्या ओल्या, उबदार शरीरात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत ते टिकायचा प्रश्नच येत नाही. आणि समजा टिकलं, तरी त्यातून दुसऱ्या टोकाला काहीही पाठवता येत नाही हे वर पाहिलंच. ‘क्वांटम’ लिहिलेल्या गळ्यातल्या पदकांना, गाद्यांना आणि पाण्याच्या बाटल्यांनाही हेच उत्तर लागू.

जुळ्या भावांना एकमेकांचं दुखणं कळतं ते…

नाही.

घरी किंवा शाळेत काही करून बघता येईल का?

गुंतलेले फोटॉन घरी जमणार नाहीत, एकेक फोटॉन मोजणारी यंत्रं महाग असतात. पण पोलरायझरचा स्वभाव नक्की बघता येतो. बाद झालेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची गडद फिल्म जपून सोलून काढा आणि तिचे तीन तुकडे करा. दोन तुकडे एकमेकांशी काटकोनात धरा. पलीकडचा उजेड जवळजवळ बंद होतो. आता तिसरा तुकडा त्या दोघांच्या मधे ४५ अंशांत सरकवा. अडथळा वाढवला, तरी उजेड परत येतो! आदर्श फिल्म असेल तर पहिल्या तुकड्यातून निघालेल्या उजेडाचा चौथा भाग शेवटी बाहेर पडतो. वरच्या खेळातला कोसाइनचा वर्ग तो हाच, इथे दोनदा लागलेला: अर्ध्याचं अर्धं. तुकडा मधे न ठेवता पुढे किंवा मागे ठेवून बघा आणि काय फरक पडतो ते वहीत लिहा. उजेडासाठी मोबाईलचा टॉर्च पुरे, लेझर पॉइंटर पोरांच्या हातात देऊ नका.